आ हेंगला दिलेला शब्द

शुक्रवार, १५ ऑगस्ट २०१४
सकाळी साडेदहा

पोचलो! झेंडावंदनाला दांडी मारून आम्ही तिघे आज सकाळी सिंगापुरात दाखल झालो. शुक्रवार ते सोमवार अशी जोडून सुट्टी, स्वस्तात मिळालेली तिकिटं आणि राहायला फुकटची मावशी. परत सोमवारी दुपारच्या विमानाने. कॉलेजच्या वार्षिकाचा संपादक मीच, त्यामुळे प्रवासवर्णनाचं कामही माझ्याच गळ्यात पडलं आहे. दर वर्षी कुणीतरी 'निसर्गरम्य' हा शब्द सतरा वेळा वापरून आठ पानं भरतो. यंदा ते होऊ द्यायचं नाही, म्हणून ही रोजनिशी. जे दिसेल ते लिहायचं आणि कुणाची भीड ठेवायची नाही.

सुरुवात सोबत्यांपासूनच करतो. अनिमेष हा माझा पहिल्या वर्षापासूनचा मित्र. तो मनाने चांगला आहे, म्हणजे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही नाही. विमानतळावर उतरल्या उतरल्या त्याने गालिच्याचे अकरा फोटो काढले. गालिच्याचे! दुसरी अवनी. हिने चार दिवसांचा तासवार कार्यक्रम छापून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणला आहे, आणि आम्हा दोघांवर विश्वास नाही म्हणून तिघांचे पासपोर्ट गळ्यातल्या पाकिटात लटकवून हिंडते आहे. सहलीला निघालेल्या शाळेच्या बाईसुद्धा हिच्यापुढे बऱ्या.

मावशी म्हणजे अनिमेषची सख्खी मावशी, स्मितामावशी. तिचे यजमान पद्माकरकाका जहाजावर इंजिनिअर आहेत आणि सध्या ब्राझीलच्या आसपास कुठेतरी आहेत. मुलगी जाई, वय बारा. हिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतून येतं आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला 'लाह' लावलेलं असतं. पुण्यात अनिमेष सांगत होता की मावशीचा काँडो आहे, म्हणजे खासगी सोसायटीतला उंची फ्लॅट, खाली पोहण्याचा तलाव आहे. प्रत्यक्षात लिटिल इंडियापासून दोन स्टेशनं पुढे, सरकारी इमारतीच्या सातव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट निघाला. लांबच लांब कॉमन गॅलरी, तिच्यावर ओळीने दारं, खिडक्यांतून बांबूंवर वाळत घातलेल्या लुंग्या आणि चड्ड्या. ही चाळ आहे. फक्त तिला लिफ्ट आहे आणि जिन्यात कुणी थुंकत नाही.

मावशीने शिरा केला होता. दोन वाट्या खाल्ला. तेवढ्यात आईचा फोन आला, मावशीच्या घरच्या नंबरावर. हा नंबर तिने कुठून मिळवला कोण जाणे. मी खुणेनेच मावशीला सांगितलं की आंघोळीला गेलाय म्हणा. माझ्या आईचं बोलणं पहिल्या मिनिटानंतर ऐकण्यासारखं नसतं, हे मला बावीस वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे.

संध्याकाळी साडेसात

आज एक गंमत केली. ती वार्षिकात जाणारच.

इथे सध्या चिनी लोकांचा सातवा महिना चालू आहे. मावशीने समजावलं की आपल्याकडे भाद्रपदात पितर जेवायला येतात, तसे यांच्याकडे या महिन्यात येतात. जागोजागी फुटपाथवर संत्री, भात, उदबत्त्या मांडलेल्या. लोखंडी पिंपांत कागद जाळतात, त्याची राख आपल्या कपड्यांवर. एवढ्या काचेच्या इमारती बांधल्या, जमिनीखालून रेल्वे नेली आणि शेवटी फुटपाथवर भुतांची पंगत! हसू नको तर काय करू?

सहाच्या सुमाराला आम्ही बाहेरून आलो तर इमारतीखालच्या गवतावर एक म्हातारी ताट मांडून गेली होती. भात, तळलेला मासा, कसलीशी पालेभाजी, चहाचा पेला. जाई आमच्याबरोबर होती. तिने सांगितलं की त्या नवव्या मजल्यावरच्या कोह आंटी. त्यांचा मुलगा आ हेंग चार वर्षांपूर्वी मित्रांबरोबर शनिवार-रविवारच्या सहलीला मलेशियातल्या एका बेटावर गेला आणि समुद्रात बुडाला. तो सापडलाच नाही. वय बावीस. घरात आता ती एकटीच असते, म्हणून दर वर्षी त्याच्यासाठी खाली ताट ठेवते.

ताटापासून चार हातांवर रेलिंगवर एक कावळा बसला होता. ताटाकडे बघत होता आणि खात मात्र नव्हता. ते बघितलं आणि मला आजोबांचा दहावा आठवला. गेल्या वर्षी ओंकारेश्वरापाशी आम्ही सगळे दोन तास उन्हात उभे होतो, कारण पिंडाला कावळा शिवेना. आजोबांचं काय राहिलंय यावर चर्चा झाली. शेवटी आई पुढे झाली, हात जोडून म्हणाली, मामंजी, वन्संची चिंता करू नका, त्यांना मी माझ्याकडे ठेवून घेते. कावळा शिवला. त्याला भूक लागली असणार. पण एका कावळ्यापायी आत्या कायमची आमच्या घरी राहायला आली, आणि माझी खोली गेली.

तर मी पुढे झालो. चपला काढल्या, हात जोडले आणि भटजींच्या सुरात मोठ्याने म्हणालो, "आ हेंगराव, काय राहिलंय तुमचं? आईची काळजी ना? सोडा ती. तिच्याकडे मी बघतो. तुम्ही आता कुठे जायचं तिथे खुशाल जा!"

कावळा उतरला. सरळ ताटात, भातावर. एक घास घेतला आणि उडाला.

अनिमेष हसून हसून गवतावर लोळला. त्याने सगळं मोबाईलवर घेतलं आहे. अवनीसुद्धा हसली, फोल्डर तोंडावर धरून. जाई तेवढी हसली नाही. ती म्हणाली की त्यांच्याशी बोलायचं नसतं, इथे सगळ्यांना माहीत असतं. आणि मग 'लाह'. बारा वर्षांच्या मुलीने मला अक्कल शिकवावी, हेही सिंगापूरदर्शनात लिहून ठेवतो.

वळलो तर म्हातारी खांबाजवळ उभी होती. मराठीतलं तिला काय कळणार? पण ती ताटाकडे नाही, कावळ्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी मान हलवून हसलो. तिनेही मान हलवली, ठरलेल्या गोष्टीला हलवतात तशी.

शनिवार, १६ ऑगस्ट
संध्याकाळी सात

पाय तुटले. अवनीच्या फोल्डरप्रमाणे आज सकाळी पाण्याची चूळ भरणारा सिंह, मग रॅफल्स प्लेस, मग हार्बरफ्रंटहून सेंटोसा बेट. सिंह बघून मला आमच्या सोसायटीची फुटलेली टाकी आठवली. रॅफल्स प्लेसला शनिवारी काळं कुत्रं नव्हतं. बंद बँकांच्या उंच इमारतींमध्ये अनिमेष मान वर करून फोटो काढत होता आणि मी उन्हात उभा होतो. सेंटोसाला समुद्रकिनाऱ्यावर वाळू आहे, पण म्हणे तीही बाहेरून आणून टाकलेली. मला समुद्रात जावंसं वाटलं नाही. एरवी मी पहिला उडी मारतो. आज पाण्याचा वास आल्याबरोबर मागे फिरलो. उन्हाचा परिणाम असेल.

सकाळची एक गंमत लिहायची राहिली. न्याहारीला इमारतीजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्यांत, गेलो. अनिमेष आणि अवनी अजून पाट्याच वाचत होते, तेवढ्यात एका म्हाताऱ्याने माशाच्या रश्शातल्या शेवयांचा वाडगा माझ्यापुढे आणून आदळला. मी काही मागितलं नव्हतं. तो म्हणाला, "सेम लाह, नो चिली," आणि पाठीवर थाप मारून गेला. यांचे चेहरे आपल्याला सारखे वाटतात, तसे आपले चेहरे यांना सारखे वाटत असणार. श्रावणात मासे खायचे नाहीत असं आईने बजावलं होतं, म्हणून मुद्दाम खाल्ले. चांगले होते. मला तिखटाशिवाय घास उतरत नाही, पण हे मी शेवटपर्यंत प्यायलो.

परत आलो तर लिफ्टमध्ये कोह आंटी. तिने माझं मनगट धरलं आणि अंगठ्याने चाचपून बघितलं, बाजारात भाजी बघतात तसं. मग आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली. मी इंग्रजीत सांगितलं की बाई, मला कळत नाही. ती हसली. सोन्याचा एक दात आहे तिला. अनिमेष म्हणाला, तुझी नवी आई! मी म्हणालो, जुनीच जड झालीय.

सातव्या मजल्याला मी उतरलोच नाही. आपल्याच विचारात नववर गेलो आणि मग जिन्याने खाली आलो. लिफ्टमध्ये आमच्याबरोबर असलेली जाई आता दारातच उभी होती. तिने विचारलं की लिफ्टचं बटण असं बोट मुडपून सांध्याने का दाबतोस. मी म्हणालो, कसंही दाबेन. ती म्हणाली की आ हेंग तसं दाबायचा. मी तिला म्हणालो की जाऊन अभ्यास कर.

आईचा पुन्हा फोन. मावशीने सांगितलं, तो बाहेर गेलाय. ही युक्ती चांगली आहे.

रविवार, १७ ऑगस्ट
सकाळी अकरा

आज गोकुळाष्टमी. मावशीचा उपास, आणि आम्हाला तिच्याबरोबर लिटिल इंडियात सामानाला जावं लागलं. परदेशात येऊन नारळ आणि पोहे विकत घ्यायचे, यासारखा विनोद नाही. चौका-चौकात तीच मिठाई, तोच मोगरा, तीच गर्दी. ज्या गोष्टींपासून पळून आलो त्या इथे दुप्पट भावात.

पण मला एक गोष्ट नीट लिहून ठेवायची आहे. दुकानदार मावशीशी हिंदीत बोलला. अनिमेषशी, अवनीशी हिंदीत. माझ्याकडे वळला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून इंग्रजीत बोलला. मी हिंदीत उत्तर दिलं. तो कौतुकाने मावशीला म्हणाला, अरे वा, याला हिंदी येतं!

मला वाटलं, थट्टा करतोय. मावशी हसली नाही. तिने मला पेढ्याचा तुकडा दिला आणि इंग्रजीत विचारलं की यापूर्वी कधी इंडियन स्वीट्स खाल्ले आहेत का. मग एकदम थांबली, कपाळाला हात लावला आणि म्हणाली की उपासाने डोकं फिरलंय माझं. सगळे हसले. मी हसलो नाही.

दुकानात आरसा होता. मी पाहिलं. मीच आहे. तेच नाक, तोच चष्मा, हनुवटीवरचा तोच व्रण. मग यांना काय दिसतंय?

दुपारी पाऊण

परतताना अवनीने एमआरटीची, म्हणजे इथल्या मेट्रोची, तिकिटं काढली. मावशी आणि जाईकडे कार्डं आहेत. आम्ही तिघे. तिने दोन काढली. मी विचारलं, माझं? ती माझ्याकडे बघत राहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण एवढा वेळ माणूस ओळखीच्या माणसाकडे बघत नाही. मग म्हणाली, अरे हो, सॉरी रुचिर.

रुचिर म्हणाली. नाव लक्षात आहे अजून.

अनिमेषच्या मोबाईलवर परवाचा व्हिडिओ बघायला मागितला. त्यात गवत आहे, ताट आहे, कावळा आहे. माझा आवाज आहे. पण ताटापुढे हात जोडून उभा असलेला जो आहे तो पाठमोरा आहे आणि त्याच्या पायांत चपला आहेत. मी चपला काढल्या होत्या. मी वर लिहिलंय तसं, आत्ता वाचून पाहिलं. आणि माझे केस एवढे बारीक कापलेले नाहीत.

अनिमेषला म्हणालो की हा मी नाही. तो म्हणाला, मग कोण? आणि हसला, नेहमीचं मठ्ठ हसू. याला दाखवून उपयोग नव्हता.

दुपारी दोन

आईला मी फोन केला. मावशीच्या फोनवरून. पहिल्यांदा तिला आवाज ओळखू येईना. कोण, कोण म्हणत राहिली. चौथ्यांदा रुचिर म्हणाल्यावर म्हणाली, अरे, किती लांबून बोलल्यासारखा येतोय आवाज.

तिला कावळ्याचं सांगितलं. हसत हसत सांगणार होतो, जमलं नाही.   मग तिने एवढंच विचारलं की शब्द काय दिलास, तसाच्या तसा सांग. सांगितला. ती म्हणाली, तिच्याकडे मी बघतो म्हणालास आणि त्याला खुशाल जा म्हणालास? दोन्ही? मी म्हणालो, हो. ती म्हणाली, अरे, मी वन्संना आणलं ते काय हौस म्हणून आणलं होतं? दिलेला शब्द कावळा घेऊन जातो, मग तो आपला राहत नाही.

मी म्हणालो, आता उपदेश नको, काय करायचं ते सांग. तिचं म्हणणं असं: आत्ताच्या आत्ता वर जा. त्या बाईच्या पायांवर डोकं ठेव. सांग की मी थट्टा केली, चुकलो, माझी आई आहे, मला मोकळं करा. ती हो म्हणेपर्यंत उठू नकोस. आणि तिच्या घरचं काही खाऊ नकोस. वाक मात्र नीट, रुचिर. तू वाकत नाहीस, मला माहीत आहे.

मी चिडून फोन ठेवला. आपली आई बरोबर बोलते आहे असं वाटणं, हा अनुभव मला नवीन आहे. आवडला नाही.

जाऊन येतो. वीस मिनिटांचं काम. चारला अवनीच्या फोल्डरप्रमाणे बागा बघायच्या आहेत.

सोमवार, १८ ऑगस्ट
सकाळी आठ

हे मी नवव्या मजल्यावर लिहितो आहे. क्रमाने लिहितो, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील.

काल सव्वादोनला मी वर आलो. दार उघडंच होतं. मध्यम खोली, भिंतीवर तांबडा देव्हारा, त्यात आ हेंगचा फोटो. टेबलावर दोन माणसांचं जेवण वाढलेलं. ती एका खुर्चीत बसून होती. वाफ येत होती, म्हणजे मी कधी येणार ते तिला माहीत होतं.

मी वाकलो नाही. खरं तेच लिहितो. त्या बाईने अर्धी चड्डी घातली होती, पायांत रबरी सपाता होत्या आणि नखं वाढलेली होती. माझ्यासारख्याने त्या पायांवर डोकं ठेवायचं, ते बघायला कुणी नसलं तरी, हे काही मला जमेना. उभ्या उभ्या इंग्रजीत सांगितलं. देअर इज अ मिसअंडरस्टँडिंग, वगैरे. चांगलं बोललो. कॉलेजच्या वक्तृत्वात बोलतो तसं.

ती ऐकत होती. मग तिने आपल्या भाषेत विचारलं की जेवलास का.

तिच्या भाषेत. मला कळलं.

भूक लागली होती. एवढी भूक मला जन्मात लागलेली नाही. चार वर्षं जेवलो नव्हतो असं वाटत होतं. मी बसलो. तिने मासा सोलून काटे काढून माझ्या ताटात घातला आणि मी खाल्ला. सगळं खाल्लं. मग झोप आली. आतली अरुंद खाट मला कुणी दाखवावी लागली नाही.

आत्ता उजाडल्यावर जाग आली. खाली जातो. विमान तीनचं आहे.

सकाळी नऊ

खाली जाऊन आलो.

बेल वाजवली. मावशी जाळीच्या दाराआड आली आणि इंग्रजीत म्हणाली, येस? आंटी ओके? मी म्हणालो, मावशी, मी रुचिर. ती तशीच बघत राहिली, पुढचं ऐकायला थांबल्यासारखी. मी पुन्हा म्हणालो. मग तिने आत वळून मराठीत सांगितलं की वरच्या आंटींकडचा कुणी आहे, काय म्हणतोय कळत नाही.

जाळीतून टेबल दिसत होतं. गोपाळकाला वाढला होता. अनिमेष, अवनी, जाई. आणि पाठमोरा एक. माझा निळा टीशर्ट.

अवनीने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच अनिमेषला म्हणाली की यांचे सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसतात ना. मराठीत, मला कळणार नाही म्हणून. अनिमेष हसला. पाठमोरा हसला नाही. त्याने वाटी पुढे केली आणि मावशीला म्हणाला, फार छान झालाय, थोडा अजून द्याल का?

माझा आवाज. पण मी असं कधी कुणाला म्हटलेलं नाही.

जाई उठून दाराशी आली. तिने बराच वेळ पाहिलं. तिचे डोळे भरले. "आ हेंग," ती म्हणाली, "यू केम बॅक, लाह."

अकरा

विचार केला. साधं आहे. त्याला मी म्हणालो, जा. तो जातोय. तिला मी म्हणालो, बघतो. मग मी राहतोय. एकाच्या जागी एक.

पासपोर्ट अवनीच्या गळ्यात. तीन आहेत, तिन्ही बरोबर आहेत. पोलिसांकडे जाऊन सांगू काय? की कावळ्याने —

वाकायला हवं. आत्ता. सगळं डोकं जमिनीला —

साडेअकरा

वाकलो. त्या सपातांवर कपाळ टेकवलं. रडलो. आयुष्यात कुणापुढे असा — चुकलो म्हणालो, थट्टा केली म्हणालो, माझी आई आहे, मला सोडा. तिच्या भाषेत म्हणालो, मला ती आता येते. म्हणजे तिला सगळं कळलं. शब्दन् शब्द.

ती खाली बसली. माझं डोकं मांडीवर घेतलं. केसांतून हात फिरवत म्हणाली, माहीत आहे मला, तू तो नाहीस. पण तू कबूल केलंस.

तिला माहीत आहे. वेडी नाही ती. सगळं माहीत असून —

पावणेबारा

टॅक्सी आली. गॅलरीतून दिसतंय. अनिमेष, अवनी, मावशी, जाई. आणि तो. माझी सॅक. अवनीची बॅग त्याने उचलून डिकीत ठेवली. मी चार दिवसांत एकदाही —

ओरडलो. नावं घेऊन ओरडलो. कुणी वर बघत नाही.

त्याने पाहिलं. टॅक्सीत बसण्याआधी थांबला. चपला काढल्या, इमारतीकडे तोंड करून दोन्ही हात जोडले. मला की तिला, कळलं नाही. तोंड माझंच होतं. हसत नव्हता. मला त्याचा राग यायला हवा, पण एवढ्या मनापासून मी कधी कुणाला हात जोडलेले —

गेले.

दोन वाजून गेले

इथे फोन आहे. आमच्या पुण्याच्या घरचा नंबर मला पाठ आहे. अजून पाठ आहे. लावला.

आईने उचलला. आनंदात होती. मी काही बोलायच्या आत ती आत कुणाला तरी, आत्याला, सांगत होती — रुचिरचा फोन येऊन गेला विमानतळावरून, स्वतःहून केला, वीस मिनिटं बोलला. तुमच्यासाठी काय आणू विचारत होता. माझा गुडघा कसा आहे विचारलंन् —

तिचा गुडघा दुखतो? कधीपासून?

मी म्हणालो, आई, तो मी नाही. मी रुचिर. ती म्हणाली, हॅलो, हू इज दिस? घाबरत घाबरत, तिच्या त्या तोडक्या इंग्रजीत. मी मराठीत बोलत होतो. माझ्या कानाला मराठीच — ती म्हणाली, राँग नंबर, आणि ठेवला.

पुन्हा लावतो. ओळख पटवली पाहिजे. तिचं असं काही सांगायचं की जे फक्त तिच्या मुलालाच —

काय?

तिला काय आवडतं. माहीत नाही. लग्नाआधी कुठे राहायची. कोकणात कुठेतरी — सांगायची ती, मी ऐकायचो नाही. कशाला घाबरते. कुठलं गाणं म्हणते ओट्याशी. म्हणते का.

कोह आंटीला चहा बिनसाखरेचा. डावा कान ऐकत नाही. सतराव्या वर्षी कारखान्यात लागली, तिथल्या यंत्राने करंगळीचं पेर गेलं. विजेला घाबरते. हे कुणी सांगितलं मला, कुणी —

लावला. वाजतोय. फक्त नाव सांगतो. आजी तिला कुठल्या नावाने हाक — नाही, ते नको, साधं नाव, रेशनकार्डावरचं, आईचं नाव. माझ्या नावापुढे बाबांचं, आईचं —

उचलला. हॅलो म्हणतेय.

आई, तुझं नाव